रॉबर्ट बॉश : गाडीतल्या बंद डब्यांमागचा माणूस

ऑटोमॅटिक गाडी चालवताना गिअर कधी बदलायचा हे आपण ठरवत नाही. ते ठरवतो एक छोटा कॉम्प्युटर. त्याचं नाव ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, थोडक्यात टीसीएम. हाताच्या पंजाएवढा सीलबंद डबा, त्याला एक मोठा कनेक्टर आणि बाहेर येणाऱ्या भरपूर वायरी. तो बिघडला की चांगला धडधाकट गिअरबॉक्सही मुका होतो. डबा उघडून आतलं काही दिसत नाही आणि दिसलं तरी आपल्याला कळत नाही. मग आपण विश्वास ठेवतो. डबा बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावर.

दुसऱ्याच्या इंजिनाला आपला विजेचा डबा बसवायचा आणि तो तिथे वर्षानुवर्षं चालला पाहिजे, हा धंदा ज्यानं पहिल्यांदा जगभर नेला, त्या माणसाची गोष्ट आज सांगतो. नाव तुम्ही ऐकलंय. ड्रिल मशीनवर, वॉशिंग मशीनवर, वायपरवर, स्पार्क प्लगवर वाचलंय. रॉबर्ट बॉश. बहुतेकांना हे कंपनीचं नाव वाटतं. मलाही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तसंच वाटायचं. पण ते एका माणसाचं नाव आहे, आणि त्या माणसाचं आयुष्य सरळ रेषेत गेलेलं नाही.

सरायवाल्याचा अकरावा मुलगा

रॉबर्टचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या अल्बेक या गावात झाला. बारा भावंडांमध्ये तो अकरावा. वडील सर्व्हेशियस यांची गावात सराय होती आणि शेतीही होती. मालाच्या घोडागाड्या तिथे थांबायच्या, घोडे बदलायचे, गाडीवान जेवायचे. म्हणजे वाहनांची सर्व्हिस त्याच्या घरातच चालायची म्हणा ना! पुढे रेल्वे आली आणि रस्त्यावरची वर्दळ तिकडे वळली. १८६९ मध्ये वडिलांनी सराय विकली आणि कुटुंब उल्मला आलं. नवीन तंत्रज्ञान आलं की जुना धंदा कसा बसतो, हे त्यानं आठव्या वर्षीच बघितलं.

वडील वाचणारे होते, स्वतंत्र मताचे होते. रॉबर्ट मात्र शाळेत रमला नाही. त्याला झाडं आणि प्राणी आवडायचे. शाळा संपल्यावर पुढे काय, तर नाजूक यंत्रं आणि उपकरणं बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी. ही १८७६ ची गोष्ट. ती तीन वर्षं त्याच्या मनाला लागली, कारण मालकाला शिकवण्यात रसच नव्हता. पोरांकडून काम करून घ्यायचं, बास. याचा परिणाम पुढे दिसला. बॉशनं आपल्या कारखान्यात १९१३ साली शिकाऊ मुलांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

सात-आठ वर्षं, दोन खंड

उमेदवारीनंतर तो भटकला. कोलोन, हानाऊ, स्टुटगार्ट, न्यूरेंबर्ग. मध्ये एक वर्ष सैन्यात. मग स्टुटगार्टच्या तंत्र महाविद्यालयात सुमारे सहा महिने त्यानं पाहुणा विद्यार्थी म्हणून काढले. डिग्री नाही. विजेची भाषा कानावर पडावी, सूत्रांची भीती जावी, एवढाच हेतू. आज आपण एखादा ऑनलाइन कोर्स करतो तसंच काहीसं.

१८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या उद्योगात काम केलं. तिथे तो एका कामगार संघटनेतही सामील झाला. अमेरिकेतल्या संधी त्याला आवडल्या, पण माणसामाणसातली विषमता खटकली. मग लंडनला सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काही महिने, आणि पुन्हा जर्मनी.

१५ नोव्हेंबर १८८६. वय पंचवीस. स्टुटगार्टमधल्या एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्यानं स्वतःचं वर्कशॉप उघडलं. वडिलांच्या वारशातून आलेले १०,००० मार्क भांडवल, एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा. नाव अगदी साधं : नाजूक यंत्रकाम आणि विद्युत अभियांत्रिकीचं वर्कशॉप. काम काय? जे येईल ते. टेलिफोन बसवून द्या, विजेची घंटा लावून द्या, पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र बनवून द्या. आपल्याकडे कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान असतं ना, तसंच. गिऱ्हाइकांकडे आणि चालू असलेल्या कामांवर चक्कर मारायला पुढे त्यानं सायकल घेतली. त्या काळात स्टुटगार्टमध्ये सायकल ही नवलाईची वस्तू होती.

पहिली दहा वर्षं ओढाताणीत गेली. कधी कामं भरपूर, कधी काहीच नाही. एकदा तर बहुतेक कामगार कमी करावे लागले. घरच्यांची मदत आणि कर्ज यावर दुकान तगलं. १८९५ मध्ये शहरात वीजनिर्मिती केंद्र सुरू झालं, तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला. स्टार्टअपच्या गोष्टी आपण वाचतो त्यात ही दहा वर्षं एका वाक्यात उरकलेली असतात. प्रत्यक्षात ती दहा वर्षंच असतात.

मॅग्नेटो म्हणजे काय?

आता थोडं तंत्रज्ञान. पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. त्या काळी दोन सोयी होत्या. एक म्हणजे ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवलेली नळी, म्हणजे इंधनाच्या शेजारी उघडी आग! दुसरी म्हणजे बॅटरी, जी सारखी उतरायची.

तिसरा मार्ग होता मॅग्नेटो. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचं वेटोळं हलवलं की त्यात वीज तयार होते. हे वेटोळं इंजिनानंच हलवायचं. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी मिळणार, बॅटरी नको, ज्योत नको.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकानं बॉशकडे अशा यंत्राची मागणी केली. डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर तसं काहीतरी आहे असं त्यानं ऐकलं होतं. बॉश जवळच्या शॉर्नडॉर्फ गावी गेला, तिथलं इंजिन बघून आला, त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि आपलं सुधारित यंत्र बनवलं. लक्षात घ्या, मॅग्नेटोचा शोध बॉशनं लावलेला नाही. त्यानं तो नीट बनवला, आणि पुन्हा पुन्हा तसाच नीट बनवला. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा, डेमो चालवणं वेगळं आणि तीच गोष्ट हजार ठिकाणी न थांबता चालवणं वेगळं.

ही पहिली मॅग्नेटो एका जागी उभ्या असलेल्या संथ इंजिनांसाठी होती. गाडीचा प्रश्न आला १८९७ मध्ये. इंग्लंडशी संबंध असलेला फ्रेडरिक सिम्स हा व्यापारी बॉशकडे दे दियों-बूतों कंपनीची मोटारची तीनचाकी घेऊन आला : हिला मॅग्नेटो बसवून दाखवा. तिचं इंजिन त्या मानानं कितीतरी वेगानं फिरायचं. जुन्या मॅग्नेटोतलं जड वेटोळं इतक्या भरभर हलवणं अशक्य होतं.

उत्तर शोधलं बॉशच्या कारखान्यातल्या आर्नोल्ड त्सेरिंगर यानं. जड वेटोळं हलवूच नका, ते जागेवर ठेवा आणि त्याच्याभोवती हलकी धातूची नळी हलवा. चुंबकाच्या क्षेत्रात बदल झाल्याशी मतलब, तो कशानं का होईना. झालं! मॅग्नेटो गाडीवर चढला.

तरी एक अडचण होती. ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत हलणारे भाग लागायचे, ते झिजायचे, बिघडायचे. गॉटलोब होनोल्ड हा बॉशचा इंजिनिअर कामाला लागला. १९०१ च्या अखेरीस त्यानं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. आर्मेचरवर दोन वेटोळी, त्यातून इतका दाब की दोन स्थिर टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडी मारेल. सिलिंडरच्या आत हलणारं काहीच नाही. त्या दोन टोकांना आपण आज स्पार्क प्लग म्हणतो.

इथे मला बॉशचा एक गुण महत्त्वाचा वाटतो. त्याची सगळ्यात मोठी दोन उत्पादनं त्याच्या डोक्यातून निघालेली नाहीत. ती निघाली त्याच्या माणसांच्या डोक्यातून. त्यांना वेळ, पैसा आणि जबाबदारी देण्याचं काम त्याचं. कंपनीचं चिन्ह आठवा : वर्तुळात एक विचित्र आकार. तो आकार म्हणजे मॅग्नेटोचं आर्मेचर, आणि ते चिन्ह १९१८ साली रेखाटलं होनोल्डनंच.

आठ तासांचा दिवस

होनोल्डच्या मॅग्नेटोनंतर धंदा उसळला. १८९८ मध्ये लंडन, नंतर पॅरिस, १९०६ मध्ये न्यूयॉर्क. त्याच वर्षी एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सुमारे ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होती.

त्याच १९०६ साली बॉशनं कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या काळी दहा तास किंवा जास्त काम सर्रास चालायचं. हा नुसता दयाळूपणा नव्हता, हिशेबही होता. आठ तासांच्या दोन पाळ्या केल्या की महागडी मशीन जास्त वेळ चालतात, आणि न थकलेला माणूस कमी चुका करतो. पगारही बरा होता. बाकीचे कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून चिडवायचे. समाजवादी विचारवंत कार्ल काउट्स्की काही काळ त्याचा शेजारी होता, त्यामुळे संशयाला जागाही होती.

पण गोष्ट इतकी गोड नाही. १९१३ मध्ये याच कारखान्यात मोठा संप झाला. आपण इतकं करूनही कामगार उभे राहिले, हे बॉशला फार लागलं. नंतर तो कारखानदारांच्या संघटनेत जाऊन बसला. चांगला मालक असला तरी तो मालकच असतो, आणि कामगारांना त्याच्या चांगुलपणापेक्षा आपला हक्क जवळचा वाटतो. दोन्ही बाजूंनी बघितलं तर यात नवल नाही.

काटकसर मात्र त्याची पहिल्यापासूनची. जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून, हे माझे पैसे आहेत, अशी जाणीव तो कर्मचाऱ्याला करून द्यायचा, ही गोष्ट अजून सांगितली जाते. कपडे लोकरीचे, कारण गुस्टाव येगर यांच्या लोकरीच्या आरोग्यशास्त्रावर त्याचा विश्वास. होमिओपॅथीवरही विश्वास. १९४० मध्ये त्यानं स्टुटगार्टमध्ये होमिओपॅथीचं रुग्णालय उघडलं. विजेच्या बाबतीत मोजमापाशिवाय पुढे न जाणारा माणूस औषधाच्या बाबतीत श्रद्धेनं चालायचा. माणसं अशीच असतात.

युद्ध, तोटा आणि मुलगा

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि जगभर पसरलेला धंदा एका झटक्यात तुटला. शत्रूदेशांमधल्या शाखा गेल्या. अमेरिकेतली कंपनी, कारखान्यासकट, तिथल्या सरकारनं जप्त केली. दुसरीकडे जर्मन सैन्याच्या ट्रकना आणि विमानांना मॅग्नेटो हवेच होते, त्यामुळे घरच्या कारखान्यात पैसा येत होता. माणसं मरतायत आणि आपला नफा वाढतोय, ही गोष्ट बॉशला सहन होईना. युद्धातल्या नफ्यातले कोट्यवधी मार्क त्यानं देऊन टाकले, त्यातला मोठा हिस्सा नेकार नदी जहाजांसाठी खोल करण्याच्या कामाला.

घरात याहून मोठं दुःख होतं. १८८७ मध्ये त्यानं अॅना कायझरशी लग्न केलं होतं. ज्याला वारस म्हणून तयार करायचं होतं, तो एकुलता मुलगा रॉबर्ट मल्टिपल स्क्लेरॉसिसनं आजारी पडला आणि १९२१ मध्ये गेला. लग्नही नंतर मोडलं. १९२७ मध्ये बॉशनं दुसरं लग्न केलं आणि साठी ओलांडल्यावर पुन्हा दोन मुलांचा बाप झाला.

डबा विकला की काम संपत नाही

१९२१ मध्ये हॅम्बुर्गला पहिलं बॉश सर्व्हिस वर्कशॉप सुरू झालं. आजच्या चर्चेत हा टप्पा मला मॅग्नेटोइतकाच मोठा वाटतो. तोपर्यंत गाडीत विजेच्या वस्तू वाढल्या होत्या. दिवे, डायनॅमो, स्टार्टर, हॉर्न. साध्या लोहार-मेकॅनिकला त्या दुरुस्त करता येईनात. मग ज्याला ही उपकरणं तपासायला शिकवलंय आणि ज्याच्याकडे तपासायची साधनं आहेत, अशा माणसांचं जाळं उभं करणं भाग होतं. तिथे प्रशिक्षण, मोजमाप आणि अस्सल सुटे भाग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

१९२५-२६ च्या मंदीत जर्मन मोटार उद्योग घसरला, बॉशलाही बरीच कामगार कपात करावी लागली. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहणं धोक्याचं, हे पटलं. १९२६ मध्ये वायपर आला, १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंप, नंतर विजेची हत्यारं, फ्रिज, रेडिओ. डिझेल पंप आपल्या ओळखीचा आहे. बॉशचा माल १९२२ पासून कलकत्त्यात विकला जात होता. १९५१ मध्ये बंगळूरला मायको ही कंपनी निघाली. वडिलांच्या जुन्या स्कूटरमधला मायको प्लग आठवतोय? तीच. आपल्या नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना आहे आणि अनेक मराठी घरं त्या पगारावर उभी राहिली. पण हे बघायला बॉश नव्हता.

शेवटची नऊ वर्षं

हा भाग टाळून बॉशचं आयुष्य सांगता येत नाही.

पहिल्या युद्धानंतर जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात समेट व्हावा म्हणून बॉशनं पैसा आणि वेळ दिला होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉशला हा माणूस पटला नाही. कंपनीनं ज्यू कर्मचाऱ्यांना मदत केली, अनेकांना देशाबाहेर पडायला पैसे दिले. १९३७ मध्ये कार्ल गोर्डेलर याला सल्लागार म्हणून कामावर घेतलं. सल्लागारपद हे आवरण होतं. गोर्डेलर हिटलरविरोधी गटाचा एक प्रमुख नेता होता आणि १९४४ च्या फसलेल्या कटानंतर त्याला फाशी झाली. ज्यूंना वाचवल्याबद्दल बॉशचा उत्तराधिकारी हान्स वाल्ट्झ याला १९६९ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनं गौरवलं.

आणि त्याच कंपनीनं त्याच काळात जर्मन सैन्याला माल पुरवला, आणि तिच्या कारखान्यांत युद्धकाळात हजारो माणसांना सक्तीनं राबवलं गेलं. त्यात छळछावण्यांमधले कैदीही होते. एका हातानं माणसं वाचवली, दुसऱ्या हातानं जबरदस्तीच्या मजुरांकडून काम करून घेतलं. या दोन गोष्टी एकमेकींतून वजा होत नाहीत. दोन्ही लिहूनच ठेवाव्या लागतात.

१२ मार्च १९४२ रोजी स्टुटगार्टमध्ये बॉशचं निधन झालं. वय ८०. ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता, तिनंच त्याला सरकारी इतमामात निरोप दिला.

मृत्युपत्रात त्यानं कंपनीचं भलं आणि समाजकार्य यांचा विचार करून ठेवला होता. त्यानुसार १९६४ मध्ये बहुतेक शेअर एका धर्मादाय संस्थेकडे आले. आजही ९० टक्क्यांहून जास्त मालकी तिचीच आहे. म्हणून बॉशचे मूळ कंपनीचे शेअर बाजारात मिळत नाहीत. तुम्ही जो शेअर ॲपवर बघता तो भारतीय कंपनीचा.

मॅग्नेटोपासून टीसीएमपर्यंत

बॉश गेल्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९८३ च्या सुमारास, त्याच्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी एक नवा प्रश्न हाती घेतला. गाडीत कॉम्प्युटर वाढत चाललेत, प्रत्येकाला प्रत्येकाशी वेगळ्या वायरीनं जोडलं तर वायरींचा भारा होईल. मग सगळे एकाच दोन वायरींवर बोलले तर? त्यातून कॅन बस तयार झाली आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटला जाहीर झाली. आज जवळपास प्रत्येक गाडीत ती आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर, ब्रेकचा कॉम्प्युटर आणि आपला टीसीएम याच दोन वायरींवर गप्पा मारतात. व्हॉट्सॲप ग्रुपसारखं समजा : एकानं मेसेज टाकला की सगळ्यांना दिसतो, ज्याच्या कामाचा असेल तो घेतो.

टीसीएम काय करतो? गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या शाफ्टचा वेग, ऑइलचं तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ही माहिती घेतो. मग सोलेनॉइड नावाचे छोटे विजेचे व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. त्यांच्यातून ऑइलचा दाब योग्य क्लचवर जातो आणि गिअर बदलतो. उष्णता, हादरे आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी हे त्याचे शत्रू.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांची ऑटोमॅटिक गाडी कात्रजच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. याला लिंप मोड म्हणतात. गोंधळ झाला की गाडी एकच गिअर धरून ठेवते, म्हणजे निदान घरी पोहोचता येतं. एका गॅरेजनं स्कॅनर लावला, कोड बघितला, जुन्या बाजारातून मॉड्यूल आणून बसवलं आणि पैसे घेतले. गाडी जागची हलेना. मामांनी मला फोन केला. मी म्हटलं, मामा, हे मॉड्यूल दुसऱ्या गाडीचं आहे, ते तुमच्या गाडीला ओळखतच नाही. शेवटी एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियननं ते काम मार्गी लावलं. त्यांची पद्धत मी शेजारी उभा राहून बघितली, ती देतो :

१. आधी स्कॅन. पी०७०० हा कोड फक्त एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलमध्ये काहीतरी तक्रार आहे. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी बोलणं तुटलंय. यातला कुठलाही कोड मॉड्यूल खराब आहे असं सांगत नाही.

२. मग वीज. बॅटरीचा व्होल्टेज, टीसीएमचा फ्यूज, अर्थिंग, कनेक्टरमध्ये पाणी किंवा गंज. अर्ध्या तक्रारी इथेच निघतात, असं त्यांचं म्हणणं.

३. मग कॅन बस. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावायचा. दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक तुटलंय.

४. हे सगळं ठीक असेल आणि तरीही मॉड्यूल बोलत नसेल, तरच ते बदलायचं. पार्ट नंबर तंतोतंत जुळवायचा. जुनं मॉड्यूल थोडंफार बोलत असेल तर त्यातली माहिती आधी वाचून घ्यायची.

५. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबायचं, मगच कनेक्टर ओढायचा. पिनांना बोट लावायचं नाही, अंगातली स्थिर वीजसुद्धा आतली चिप मारू शकते. काही गाड्यांत टीसीएम गिअरबॉक्सच्या पोटात असतो. तिथे ऑइल काढावं लागतं, ते घरी करायचं काम नाही.

६. बसवल्यावर प्रोग्रामिंग. त्या गाडीचं योग्य सॉफ्टवेअर आणि गाडीचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, मॉड्यूलमध्ये भरायचा. काही कंपन्यांच्या गाड्यांत जुनं मॉड्यूल आधीच्या व्हीआयएनला कुलूपबंद असतं, ते दुसरीकडे चालत नाही.

७. शेवटी शिकवणी. क्लच किती झिजलेत, दाब किती द्यायचा, हे मॉड्यूल हळूहळू शिकतं. नव्याला ते माहीत नसतं. म्हणून कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं गाडी चालवून त्याला शिकवावं लागतं. तोवर गिअर थोडे झटक्यानं पडतील.

मामांच्या गाडीत मॉड्यूल खरंच गेलं होतं. योग्य पार्ट नंबरचं मॉड्यूल आलं, प्रोग्रामिंग झालं आणि गाडी सुरळीत झाली. पण पहिल्या गॅरेजला दिलेले पैसे बुडालेच. फरक मॉड्यूलचा नव्हता. फरक मोजून बघणाऱ्या माणसाचा होता.

म्हणूनच मला हॅम्बुर्गचं ते १९२१ चं वर्कशॉप महत्त्वाचं वाटतं. बंद डबा बनवायला हुशारी लागते, तो विकायला धाडस लागतं, आणि तो बिघडल्यावर खरं कारण शोधायला शिकवलेली, प्रामाणिक माणसं लागतात. बॉशनं तिन्हीकडे पैसा लावला. त्याच्या कंपनीचे छोटे सेन्सर आज अनेक स्मार्टफोनमध्येही आहेत. फोन आडवा धरल्यावर स्क्रीन फिरते ती अशाच सेन्सरमुळे. तोही एक बंद डबाच, फक्त तांदळाच्या दाण्याएवढा.

पुढच्या वेळी कोणी तुमची गाडी, फोन किंवा लॅपटॉप बघून लगेच म्हणालं, की मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल, तर भांडू नका. शांतपणे एवढंच विचारा : तुम्ही काय काय मोजून बघितलं? उत्तरात आकडे आले तर बसा, चहा घ्या. नाही आले तर गाडीची चावी परत मागून घ्या.